दोन अर्ध्यांचं एक दुखणं

सोलापुरातून विजापूर रस्त्याला लागलं की वीस-पंचवीस किलोमीटरवर मंद्रूप येतं. महामार्ग क्रमांक ५२ गावाला खेटून जातो, पुढे टाकळीजवळ भीमेचा पूल लागतो आणि पूल ओलांडला की कर्नाटक. गावाला पोलीस ठाणं आहे, बाजार आहे, मराठीत सुरू झालेलं भांडण कन्नडात मिटवण्याची सोय आहे. नाही ती फक्त रेल्वे. होटगीहून विजापूर-गदगकडे जाणारी लाइन एकोणिसाव्या शतकात पडली ती इंडीच्या अंगानं. मंद्रूपकडे तिनं तेव्हाही मान वळवली नाही आणि नंतरही नाही.

पण रेल्वे नाही म्हणून रेल्वेवाले नाहीत असं थोडंच आहे! सोलापूर हे मध्य रेल्वेच्या विभागाचं ठाणं. त्यामुळे दक्षिण सोलापूर तालुक्यात कुणाचा मुलगा रुळांच्या गँगमध्ये, कुणाचा जावई पॉइंट्समन, कुणाचा चुलता गेटवरून रिटायर झालेला. अशी माणसं एसटी स्टँडवर चहाला बसली की गाड्यांबद्दल बोलत नाहीत. गाडी लेट आहे की वेळेवर, ही चिंता प्रवाशांची. रेल्वेवाला बोलतो रजेबद्दल. त्यातही एलएपी, सीएल, रेस्ट वगैरे किरकोळ मंडळी बाजूला सारून गाडी शेवटी एकाच स्टेशनात शिरते: हाफ पे.

कागदावर हिचं नाव 'लीव्ह ऑन हाफ अ‍ॅव्हरेज पे', अर्थात एलएचएपी. झेडपीच्या शाळेतले गुरुजी हिलाच अर्धवेतनी रजा म्हणतात. वर्षाला वीस दिवस मिळते. १ जानेवारीला दहा आणि १ जुलैला दहा अशी आगाऊच खात्यात पडते. भरपगारी एलएपी, म्हणजे 'लीव्ह ऑन अ‍ॅव्हरेज पे', वर्षाला तीस दिवस, तीही याच दोन तारखांना पंधरा-पंधरा. मात्र एलएपी साठवायला ३०० दिवसांची मर्यादा आहे. हाफ पेला मर्यादाच नाही. घेतली नाही तर ती नुसती साचत राहते. तीस वर्षं नोकरी केलेल्या आणि एकदाही आजारी न पडलेल्या माणसाच्या खात्यावर ६०० दिवस दिसतात. असा माणूस अर्थात अजून कुणी पाहिलेला नाही.

तारखांची योजना कुणी केली ठाऊक नाही, पण त्याला सोलापूरची माया असावी. १ जानेवारीला रजा जमा होते आणि दोन आठवड्यांत सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा भरते. अक्षता सोहळ्याला नंदीध्वज बघायचा सोडून रुळावर चाव्या ठोकत बसणं कुणाला बरं वाटेल? त्याच सुमाराला वेळ अमावस्या. भज्जी, उंडे आणि आंबील घेऊन सगळं घर शेतात जेवायला बसलेलं असताना घरचा कर्ता तेवढा तिकिटाच्या खिडकीमागे बसला तर शेतात पुजलेल्या पांडवांनाही वाईट वाटायचं. ही अमावस्या कधी डिसेंबरात येते, कधी जानेवारीत. डिसेंबरात आली तर जुनी शिल्लक आणि जानेवारीत आली तर ताजी, एवढाच हिशोबातला फरक.

आता कुणी विचारेल, रजा एवढी मुबलक आहे तर लोक ती सरळ घेत का नाहीत? घेत नाहीत, कारण पगाराची स्लिप. जानेवारी २०२४ मध्ये महागाई भत्ता ५० टक्के झाला तेव्हाचं सोपं उदाहरण घ्या. मूळ पगार ३६,०००, भत्ता १८,०००, एकूण ५४,०००. म्हणजे दिवसाला १,८००. अर्ध्या पगारी रजेवर मूळ पगार अर्धा होतो आणि महागाई भत्ता त्या अर्ध्यावरच मिळतो. राहतात दिवसाला ९००. दहा दिवस गड्डा, हुरडा आणि सासुरवाडी केली तर ९,००० रुपये गेले. घरभाड्याचा भत्ता तेवढा पूर्ण चालू राहतो. महागाई रजेवर जाताच निम्मी होते आणि घरमालक मात्र पूर्णच राहतो, असं रेल्वेचं अर्थशास्त्र आहे. सोसायटीचा हप्ता, विम्याचा हप्ता, मोटारसायकलचा हप्ता यांपैकी कुणालाच अर्ध्या पगाराची कल्पना नसते. ते पूर्णच कापले जातात. त्यामुळे या रजेवर जाऊन आलेला माणूस पुढच्या महिन्यात स्लिप बघतो आणि खऱ्या अर्थानं आजारी पडतो.

इथंच नियमावलीतली ती जादूची काडी येते. तिचं नाव कम्युटेड लीव्ह, झेडपीच्या भाषेत परिवर्तित रजा. डॉक्टरचं सर्टिफिकेट असेल तर दोन अर्ध्या दिवसांचा एक पूर्ण दिवस करून मिळतो. दहा दिवस आजारी पडा, पगार पूर्ण घ्या, खात्यातून वीस दिवस वजा. हिशोब चोख आहे. अर्धी-अर्धी भाकरी जोडून एक भाकर व्हावी इतका चोख. अडचण एवढीच की भाकर जोडण्याची परवानगी फक्त डॉक्टर देऊ शकतो. शिक्षण, बाळंतपण असे काही अपवाद नियमात आहेत, पण सर्वसाधारण रेल्वेवाल्याला रस्ता एकच. तो दवाखान्यातून जातो.

याचा अर्थ नीट लक्षात घेतला पाहिजे. साहेबांना खरं सांगितलं की 'ज्वारी काढायचीय, दहा दिवस हाफ पे द्या', तर ९,००० रुपये पडतात. तेच 'कंबर धरलीय' म्हटलं की एक रुपयाही जात नाही. खरं बोलण्याचा एवढा स्पष्ट दर सरकारनं दुसऱ्या कुठल्या खात्यात लावल्याचं आढळत नाही.

मग एलएपी का घेत नाहीत, ती तर भरपगारी आहे, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडतो. रेल्वेवाल्याला पडत नाही. साठवलेली एलएपी ३०० दिवसांपर्यंत निवृत्तीच्या वेळी रोख मिळते, तीही शेवटच्या पगाराच्या दरानं. त्यातून मुलीचं लग्न होतं, घरावर दुसरा मजला चढतो. एलएपी हे घरातलं सोनं आहे. ते गड्ड्यासाठी कोण मोडणार? हाफ पे मात्र अमाप साचलेली, तिला किंमत निम्मी आणि वरून आजाराचं कुलूप. तेव्हा किल्ली घेऊन दवाखान्यात जाणं हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो. माणसं लबाड असतात असं नाही. नियमानंच आजारपण हे सगळ्यांत स्वस्त कारण करून ठेवलंय.

आणि या बाबतीत मंद्रूपची बाजू भक्कम आहे, कारण गावाला रेल्वे नाही. रेल्वेच्या वैद्यकीय नियमावलीत डॉक्टरच्या हद्दीची व्याख्या आहे. रेल्वे दवाखान्यापासून अडीच किलोमीटरच्या आत किंवा डॉक्टरच्या फेरीतल्या स्टेशनापासून एक किलोमीटरच्या आत राहणारा कर्मचारी रेल्वे डॉक्टरच्या हद्दीत येतो. आजारी पडला तर त्यानं रेल्वे डॉक्टरकडेच गेलं पाहिजे. हद्दीबाहेर राहणाऱ्याला नोंदणीकृत खासगी डॉक्टरचं सर्टिफिकेट चालतं. फक्त ते ४८ तासांत पोचतं केलं पाहिजे. सोलापूरच्या रेल्वे कॉलनीत राहणाऱ्याला ताप आला तर त्याला रेल्वे रुग्णालयाच्या रांगेत उभं राहून तो ताप सिद्ध करावा लागतो. मंद्रूपकराचा ताप गावातच सिद्ध होतो. रेल्वेनं दीडशे वर्षांपूर्वी गावाला टाळलं त्याची अशी भरपाई होईल हे त्या वेळच्या इंजिनिअरांच्या स्वप्नातही आलं नसेल.

रजा ज्या कागदावर तोललेली असते ते सर्टिफिकेट जवळून बघण्यासारखं असतं. वर डॉक्टरांच्या पदव्या आणि रजिस्ट्रेशन नंबर, खाली शिक्का आणि मधे आजार. आजाराच्या जागेचं अक्षर असं की ते वाचायला दुसरा डॉक्टरच लागावा. त्यातही आजारांचे हंगाम असतात. सर्दी-तापाला तीन दिवसांपलीकडे वजन नाही. कावीळ वजनदार, पण तिला तपासणीचा कागद लागतो. टायफॉइडचंही तसंच. सर्वांत गुणी आजार म्हणजे कंबर. तिचा फोटो काढून काही दिसत नाही, हात लावला की दुखतं असं सांगता येतं, आणि रुळावर हातोडा चालवणाऱ्या माणसाची कंबर दुखत नाही असं म्हणायची कुठल्याही साहेबाची छाती होत नाही. कारण ती बहुतेक वेळा खरंच दुखत असते.

जाणं सोपं, परत येणं अवघड. खासगी डॉक्टरनं 'फिट' लिहून दिलं तरी कर्मचाऱ्याला रेल्वे डॉक्टरपुढे उभं राहून तिथलं फिट सर्टिफिकेट घ्यावं लागतं, मगच ड्युटी. आणि इथं हद्दीबाहेरच्या माणसाची खरी परीक्षा होते. दहा दिवस शेतात राबून आलेला गडी, हाताला घट्टे, मान उन्हानं काळी, बनियनवर ज्वारीची कुसळं. डॉक्टर वरपासून खालपर्यंत बघतात.

"काय झालं होतं?"

"अंगात शक्तीच नव्हती बघा साहेब."

"आणि आता?"

"आता चांगली आलीय की ओ."

डॉक्टर फिट लिहून देतात. दुसरं काय लिहिणार? समोरचा माणूस त्यांच्यापेक्षा धडधाकट दिसत असतो.

साहेब लोकांचीही यात कोंडी होते. रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे रजेच्या नियमांचं पहिलं वाक्य प्रत्येक साहेबाला पाठ असतं. दुसरं वाक्य प्रत्येक युनियनवाल्याला पाठ असतं: कर्मचाऱ्यानं जी रजा मागितली आहे आणि जी त्याच्या खात्यावर आहे तिचा प्रकार साहेबाला परस्पर बदलता येत नाही. साहेब नाही म्हणू शकतात, पण हाफ पे मागणाऱ्याच्या एलएपीला हात लावू शकत नाहीत. या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत सोलापूर विभागातला बराचसा पत्रव्यवहार चालतो. आषाढीला पंढरपूरच्या जादा गाड्या सुटतात तेव्हा पहिल्या वाक्याला जोर येतो. ज्वारीच्या काढणीला दुसऱ्याला.

साहेब नाही म्हणतात ते नेहमी खाष्टपणानं नव्हे. बऱ्याच संवर्गांत रजेवर गेलेल्यांच्या जागी उभं करायला साडेबारा टक्के जादा माणसं धरलेली असतात, त्याला लीव्ह रिझर्व्ह म्हणतात. साडेबारा टक्के म्हणजे माणशी वर्षाला साधारण ४५ दिवसांची सोय झाली. उलट बाजूला ३० दिवस एलएपी आणि २० दिवस हाफ पे, झाले ५०. वर सीएल वेगळी. सगळ्यांनी सगळी रजा घेतली तर हिशोब बसतच नाही. म्हणजे रजा देतानाच ती सगळी घेतली जाणार नाही असं गृहीत धरलेलं दिसतं. लग्नाला हजार पत्रिका वाटायच्या आणि जेवण सातशेचं सांगायचं, ही रीत रेल्वेलाही अवगत आहे. त्यात जागा रिकाम्या असल्या की ते सातशेही कागदावरच. तरण्या पोराला चार दिवसांची रजा नाकारली जाते तेव्हा साहेबांकडे माणूस नसतो आणि पोराकडे साहेबांना पटेल असं दुखणं नसतं. चार तासांनी ते येतं.

या सगळ्यात उधारीचीही सोय आहे. शिल्लक संपली आणि आजार संपला नाही तर 'लीव्ह नॉट ड्यू' नावाची रजा मिळू शकते. पुढे जी हाफ पे कमावली जाणार आहे तीच आज उचलायची. संपूर्ण नोकरीत ३६० दिवसांपर्यंत, अर्थात वैद्यकीय सर्टिफिकेटवर आणि माणूस परत कामावर येईल अशी आशा असेल तरच. वर्षाला वीस दिवस या वेगानं ३६० दिवस फेडायला अठरा वर्षं लागतात. मधेच राजीनामा दिला किंवा स्वेच्छेनं निवृत्ती घेतली तर रजेचा पगार परत करावा लागतो. मृत्यू आला किंवा तब्येतीमुळेच नोकरी सोडावी लागली तर वसुली होत नाही. गावच्या सावकाराच्या वहीत ही शेवटची अट सापडायची नाही.

गंमत बाजूला ठेवून सांगायचं तर या अर्ध्या रजेची खरी किंमत कळते ती खऱ्या दुखण्यात. सोलापुरात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो तेव्हा रुळाचं लोखंड त्याहून कितीतरी तापलेलं असतं आणि ट्रॅकमन त्यावर उभा असतो. चाळिशीत गुडघे जातात, पाठ जाते. कुणाला बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाच्या वाऱ्या सुरू होतात. अठरा वर्षं नोकरी झालेल्या आणि हाफ पे न मोडलेल्या माणसाच्या खात्यावर अशा वेळी ३६० दिवस असतात, म्हणजे १८० दिवस भरपगारी. सहा महिने घरात पगार येत राहतो. वेतनवाढ आणि पेन्शनसाठीही ही रजा नोकरीतच धरली जाते. ज्यानं दर काढणीला कंबर धरली त्याची शिल्लक त्या वेळी बघवत नाही. अशा घरांत मग एलएपीचं सोनं मोडलं जातं, तेही संपलं की बिनपगारी.

अर्धा पगार ही कल्पना काही रेल्वेनं शोधलेली नाही. ब्रिटिश आरमारात युद्ध संपलं आणि जहाज नसलं की अधिकाऱ्याला अर्ध्या पगारावर घरी बसवत. ट्रफल्गारचा नेल्सन १७८८ ते १७९३ अशी पाच वर्षं असा गावाकडे बसून होता. नोकरी द्या म्हणून तो आरमाराच्या कचेरीला पत्रं पाठवत राहिला. त्या वेळी त्याचे दोन्ही डोळे आणि दोन्ही हात शाबूत होते. बोलावणं आलं, तो भरपगारावर रुजू झाला, १७९४ मध्ये एका डोळ्याची दृष्टी गेली आणि १७९७ मध्ये उजवा हात. म्हणजे धडधाकट असताना अर्धा पगार आणि अर्धा झाल्यावर पूर्ण. आपल्याकडचं कम्युटेशनचं तत्त्व याहून फार वेगळं नाही.

सोलापूरच्या रेल्वेवाल्यांनी तर याच रजेसाठी दोन मुख्यालयांचा कारभार पाहिला. २ ऑक्टोबर १९६६ रोजी दक्षिण मध्य रेल्वे निघाली तेव्हा सोलापूर विभाग मुंबईकडून सिकंदराबादकडे गेला आणि अकरा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७७ रोजी, परत मध्य रेल्वेत आला. गांधीजयंतीची सुटी असताना विभाग गेला आणि सुटी असतानाच परत आला. त्या काळातले जे पेन्शनर अजून आहेत ते सांगतात की साहेब तेलुगू बोलणारा असो की मराठी, 'माणूस नाही' हे वाक्य दोघांनाही लगेच येत असे.

आता रजेचा अर्ज एचआरएमएस या ऑनलाइन प्रणालीवर भरतात. पूर्वी शिल्लक किती हे कारकुनाच्या रजिस्टरात दडलेलं असे आणि त्याचं दर्शन घ्यायला चहा पाजावा लागे. आता ती मोबाइलवर दिसते. सर्टिफिकेटचा फोटो काढून चढवता येतो, आणि तो फोटो काढताना मागच्या बाजूला कडब्याची गंज दिसू नये एवढी काळजी घ्यावी लागते. सातव्या वेतन आयोगानंतर रजांच्या यादीत बरीच मोडतोड झाली. कामावरच्या इजेसाठी वेगळी रजा आली, बालसंगोपन रजेचं दुसरं वर्ष ८० टक्के पगाराचं झालं. हाफ पे मात्र वर्षाला वीस होती ती वीसच राहिली. तिला हात लावायचं कुणाला सुचलं नाही.

निवृत्तीजवळ आलेल्यांसाठी मात्र एक गोष्ट महत्त्वाची. १ जानेवारी २००६ पासून एलएपीचे ३०० दिवस भरत नसतील तर उरलेली जागा हाफ पेनं भरता येते. त्या दिवसांचे पैसे अर्ध्या पगाराच्या दरानं मिळतात, दोन्ही मिळून मर्यादा ३०० च. तिथं दोनाचा एक करून मिळत नाही, कारण निवृत्तीच्या दिवशी कुणी आजारी असल्याचं सर्टिफिकेट चालत नाही. एलएपी २४० असेल तर हाफ पेचे ६० दिवस रोख होतात आणि त्यावरचे चारशे असोत की पाचशे, खात्यातच राहतात. तेव्हा मंद्रूपच्या स्टँडवर बसणाऱ्या मंडळींनी पुढच्या गड्ड्याआधी मोबाइलवर आपली एलएचएपीची शिल्लक एकदा बघून घ्यावी आणि जुन्या सर्व्हिस शीटशी ताडून पाहावी. आकडा चुकला असेल तर अर्ज नोकरीत असतानाच करावा. निवृत्तीनंतर दुरुस्तीला जाणाऱ्याला साहेब बसायला खुर्ची देतात, पण फाइल सापडत नाही.